तीन तीन तीन आठ

बसा पावनं. माला कारखान्यावर गेलीया, नव्या मागावर काठ नीट बसतोय का बघायला. अर्धा तास तर लागंलच तिला. तवर चहा घ्या आणि एक गोष्ट ऐका. अठरा वर्षांमागची हाय, ह्याच खोलीतली. ऐकून हसलात तर मला राग न्हाई, कारण त्यातला येडा मीच हाय.

तुमची पिशवी ठेवलीया त्या कोपऱ्यात टेबल होतं. टेबलावर कंप्युटर, आणि त्याच्यावर पांढरा टॉवेल पांघरलेला. माला आमची सून होऊन आठ म्हैनं झालतं. बाकीच्या पोरी म्हायेरनं लोखंडी कपाट आणत्यात, ही कंप्युटर घेऊन आली. भावकीतल्या बाया बघायला यायच्या आणि इचारायच्या, "आणि ह्यात कापडं कुठं ठेवायची गं?"

माला डिझाइनचा कोर्स शिकून आलती. धोतराचा काठ, लुगड्याचा काठ, सगळं त्या पडद्यावर काढायची. मी जॉबर. बावीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात माग दुरुस्त करत आलेला माणूस. तुम्ही भिवंडीचं, तुम्हाला जॉबर म्हंजे काय ते सांगाया नको. माग अडला, की मालक पहिली हाक मला मारणार. माझं म्हणणं एवढंच, की काठ काढायला चौकटीचा कागद हाय, पेन्सिल हाय, मग त्याला विजेवर चालणारं खोकं कशाला? पण नवी सून. तिला तोंडावर कसं बोलायचं? म्हणून मी जेवताना भितीकडं बघून बोललो.

"दसऱ्यापर्यंत बघू. ह्या खोक्यानं काम आणलं तर ठेवू. न्हाईतर इकून टाकू आणि सूत गुंडाळून कांड्या भरायचं मशीन घेऊ. घरात बसून बायका कांड्याच भरत्यात, तेच बरं."

भित काय बोलली न्हाई. माला म्हणाली, "चालतंय, मामा."

आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणत्यात. तेवढं बोलून तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. मला भांडायचं होतं, तर भांडायला जागाच ठेवली न्हाई पोरीनं.

दसऱ्याला तीन आठवडं उरलं आणि तिला काम आलं. पेठेतल्या एका शेठनं निरोप धाडला, की बारा काठ काढून दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी दुकानात घेऊन या. पसंत पडलं तर वर्षाचं काम तुमच्याकडं. माला कामाला बसली ती अशी, की आमची बायको तिला जेवायला हाका मारून मारून दमली. माझं पोरगं सूतगिरणीत लांब कामाला, रविवारचं घरी यायचं. म्हंजे आठवडाभर घरात मी, बायको, माला आणि ते खोकं.

आता खरं सांगतो. ते खोकं मला बघवत नव्हतं ते त्याच्या चालीमुळं. मालानं एक बटण दाबलं, की पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं. ती बसायची हनुवटीला हात लावून. घड्याळ जायचं, मग दुसरं बटण. पुन्हा घड्याळ. माझ्या कारखान्यात एखादा माग असा चालला असता तर मालकानं मला दारात उभा केला नसता. आणि आम्हा जॉबर लोकांचं एक ठरलेलं हाय. कंपनीतनं मशीन येतं ते सैल येतं. तक्रार येऊ नये म्हणून कंपनी मुद्दाम सैल सोडती. ते कसायचं काम जॉबरचं.

कंप्युटर जोडायला जमीर मोमीन आलता. बाजारात त्याचं दुकान, पोरगं हुशार. त्यानं तवा मला एक गंमत दाखवली होती. कंप्युटर चालू होता होता डिलीटचं बटण दाबलं, की एक निळं पान उघडतं.

"मामा, हे ह्याचं आतलं पान," जमीर म्हणाला. "कंप्युटर जागा झाला, की सगळ्यात आधी हितलं वाचतो. मेमरी किती हाय, तिला किती वेगात पळवायची. सगळं हितं लिहिलेलं असतं. फकस्त हितं हात लावायचा न्हाई."

त्यानं शेवटचं बोलाया नको होतं. मला हात लावू नको म्हटलं, की माझ्या हाताला खाज सुटती.

शेवटच्या आठवड्यात बुधवारी मला दुसरी पाळी होती. सकाळी बायको आणि माला बाजाराला गेल्या. मी टॉवेल काढला, कंप्युटर चालू केला आणि डिलीट दाबत राह्यलो. निळं पान आलं. इंग्रजी मला येत न्हाई, पण आकडे येत्यात, नट-बोल्टावरनं शिकलेलो. जमीरचं बोट जिथं फिरलं होतं तिथं मी बी बाणाच्या बटणानं गेलो. एकाखाली एक चार आकडे. तीन, तीन, तीन, आठ.

मी इचार केला. मागाची पुली ल्हान केली, की माग जोरात पळतो. म्हंजे आकडा ल्हान, तर वेग जास्त. मी तिन्ही तिनांचं दोन केलं आणि आठाचं पाच. जमीरनं पान बंद करताना दाबली होती ती बटणं ध्यानात होती, ती दाबली. कंप्युटर बंद पडून पुन्हा चालू झाला. आणि पावनं, तुमच्या गळ्याची शपथ, मला तो पळाल्यासारखा दिसला. मी मिशीवरनं हात फिरवला. टॉवेल पुन्हा पांघरला. म्हटलं, आता पोरीचं काम झटक्यात हुतंय, आणि तिला कळणार बी न्हाई कुणी केलं.

आता हितं माझी चूक बघा. चूक कसली, सवय.

आमच्यात मागाची मापं बदलली, की जॉबरनं खडूनं मागावर लिहून ठेवायचं. आधी काय होतं, आता काय केलं, वार आणि आपलं नाव. दुसऱ्या पाळीचा जॉबर आला, की त्याला कळाया पायजे. खडू माझ्या खिशात कायम. मी ते आकडे कवा लिहिलं, मला सुद्धा कळलं न्हाई. कंप्युटरच्या पेटीच्या भितीकडच्या अंगाला.

गुरुवारी सकाळी मालानं कंप्युटर चालू केला. तीनदा पीं वाजलं आणि पडदा काळा. वर पांढरी अक्षरं.

"काय म्हणतंय ते?" मी आपलं सहज इचारल्यागत इचारलं.

"मेमरीची मापं बरोबर नाहीत म्हणतंय, मामा. पुढं जायचं तर एफ-वन दाबा म्हणतंय."

"मग दाब की."

तिनं दाबलं. धा मिनटं चाललं आणि पडदा जागच्या जागी थिजला. बंद केलं, चालू केलं. पुन्हा पीं पीं पीं, पुन्हा काळा पडदा, पुन्हा एफ-वन. दिवसभर तेच. मी बशीत तोंड घालून चहा पीत बसलो.

"सकाळपासनं चौथा चहा हाय ह्यो," बायको म्हणाली. "आणि एक शब्द न्हाई तोंडातनं. आजारी हायसा काय?"

"काय न्हाई. पाळीला जायचंय."

"पाळी दुपारी चारला हाय."

शुक्रवारी सकाळी मालाचं काम उरकत आलतं. बारावा काठ पुरा करून तिनं साठवायचं बटण दाबलं आणि तेवढ्यात पडदा थिजला. ह्या बारीला परत चालू केल्यावर बाराही काठांची फाईल उघडेना. बारा काठातलं पहिलं दोन तिनं आधी कागदावर छापून काढलं होतं. धा गेलं. पोरगी रडली न्हाई. नुसती हात मांडीवर ठेवून बसली. ते बघून मला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

जमीरला बोलावलं. त्यानं पेटी खोलली, मेमरीची पट्टी काढली, शाळंतल्या पोराचं खोडरबर घेऊन तिची सोनेरी कड घासली, परत बसवली. पीं पीं पीं.

"वैनी, पट्टी गेली असणार," जमीर म्हणाला. "कोल्हापूरहून आणायला लागंल. सोमवारी मिळंल."

"उद्या सकाळी द्यायचेत, जमीरभाऊ."

"आता मी काय करू, सांगा."

मी दारात उभा. तोंड उघडलं, मिटलं. बावीस वर्षांचा जॉबर, आख्ख्या गल्लीत माझ्या हाताखालनं गेलेले माग चालू हायत, आणि मी त्या पोराम्होरं कसं सांगायचं, की बाबा, तू नगं म्हटलेलं मीच केलंय? दुसऱ्यांदा तोंड उघडलं. तवर जमीर म्हणाला, "वैनी, जरा बॅटरी धरा, मागची वायर लावतो."

मालानं बॅटरी घेऊन पेटीच्या मागं वाकून बघितलं. आणि तिथंच राह्यली.

मला एकदम आठवलं, तिथं काय हाय ते.

'३ ३ ३ ८ होतं. २ २ २ ५ केलं. बुधवार. मल्लू.'

ती सरळ झाली. माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. पेटीच्या त्या अंगाला पदराचा आडोसा करून उभी राह्यली आणि जमीरला म्हणाली, "ते निळं पान उघडून बघा बरं. मेमरीचे आकडे काय आहेत?"

जमीरनं उघडलं. "दोन, दोन, दोन, पाच. हे कुणी केलं? एवढ्या वेगात ही पट्टी कशी चालंल? हिला दम लागणारच."

"मीच मागं कायतरी दाबलं असंल," माला म्हणाली. "तीन, तीन, तीन, आठ करून बघा."

"तुम्हाला पाठ हायत आकडे, आणि बदलताना कळलं न्हाई?"

"चुकलं, भाऊ."

"वैनी, मी मामांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हितं हात लावायचा न्हाई म्हणून. इचारा त्यांना. सांगितलं होतं का न्हाई, मामा?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

"बघा. मामा अडाणी असून त्यांनी ऐकलं. तुम्ही शिकलेल्या."

माला मान खाली घालून ऐकत होती. तिचं खांदं जरा हलत होतं. रडती काय म्हणून मी निरखून बघितलं, तर हसत होती.

आकडे जागेवर आले. कंप्युटर चालू केला, पीं न्हाई, काळा पडदा न्हाई, सरळ उघडला. जमीर गेला. मी तिथंच खांबागत उभा.

"मामा," माला म्हणाली, "सही केलीत ते बरं झालं. न्हाईतर पट्टी बदलली असती आणि पुन्हा तेच झालं असतं. फकस्त आडनाव घालायचं राहिलं."

"कशाची सही?" आतनं बायको आली. तिनं वाकून बघितलं, वाचलं, आणि कपाळाला हात लावला. "तरीच चार चार चहा. पोरीचं काम बुडवलं तुम्ही. आता तुम्हीच बसा कांड्या भरायला."

"सैल होतं," मी म्हटलं. "कसलं जरा."

"जरा," बायको म्हणाली.

माला टेबलापाशी बसली. पडद्यावर रिकामी चौकट उघडली. "कोयरी कुठं, वेल कुठं, ते डोळ्यांपुढं आहे आत्ती," ती बायकोला म्हणाली. "पण मोजणी आठवत नाही. कुठला दोरा वर, कुठला खाली. ते मी मोजून मोजून बसवलं होतं. आता पुन्हा मोजायचं म्हणजे चार दिवस."

तुम्हाला ठाऊकच हाय, काठाचं सगळं मोजणीवर. मागावरच्या पट्टीत खुंटी असली की दोरा वर, नसली की खाली. एक खुंटी हिकडची तिकडं झाली, की मोराचं बदक हुतंय.

मी घसा खाकरला. "तिसऱ्या काठाची पहिली ओळ," मी म्हटलं, "दोन वर, एक खाली, दोन वर, तीन खाली, एक वर."

मालानं मान वळवली.

"दुसऱ्या ओळीला त्यातलाच एक सरकतो. उजवीकडं. लिही."

"मामा, तुम्हाला कसं ठाऊक?"

"पाणी प्यायला यायचो तवा दिसायचं."

"माठ स्वैपाकघरात हाय," बायको म्हणाली. "ह्या खोलीत कवापासनं पाणी मिळाया लागलं?"

 खरं होतं तिचं. त्या तीन आठवड्यांत पोरगी भाकरी थापायला उठली, की मी पडद्याम्होरं येऊन उभा राहायचो. रोज. बघता बघता मोजायचो, ती सवयच हाय माझी. चौथ्या काठात तिनं वेलाचा देठ एका दोऱ्यावर पेलला होता. एका दोऱ्यावर. मला जमलं नसतं. पण ते मी तिला कवा बोललो न्हाई. जेवताना भितीशी बोलायचो, दसऱ्यापर्यंत बघू म्हणून.

खुर्ची ओढून बसलो. मी सांगत गेलो, ती भरत गेली. चुकलो तर ती म्हणायची, "मामा, हितं पान वळत होतं," मग मी डोळं मिटून पुन्हा मोजायचो. चार वाजले. कारखान्यावरनं माणूस आला बोलवायला. बायकोनं त्याला दारातनंच लावून दिला. "सांग मालकाला, आज जॉबर येणार न्हाई. आमच्याच घरातला माग त्यांनी बिघडवलाय, त्यो नीट करत बसल्यात." बावीस वर्षांत ती माझी पहिली चुकलेली पाळी.

सातव्या काठापाशी मी अडलो. सहावा आठवला, आठवा आठवला, मधला सातवा काय केल्या येईना. दिवेलागण होत आलती. मालाचं बोट बटणावर तयार. मी अडाणी माणूस, न्हाई म्हणायची सवय न्हाई. म्हणून मी माझाच एक काठ सांगितला. जवानीत असताना मी स्वतः खुंट्या ठोकून बसवलेला, रुईफुलाचा. त्या वर्षी त्यो लई चालला होता. दोन ओळी सांगितल्या आणि तिचा हात थांबला. पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बरोबर हाय न्हवं?" मी म्हटलं.

"बरोबर आहे, मामा. पुढं सांगा."

रात्रीच्या जेवणाआधी बारा काठ पुरे झाले. सकाळी ती छापलेले कागद घेऊन पेठेत गेली. मी उंबऱ्यात बसून. बायकोनं अंगण दोनदा झाडलं. दुपारी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "बाराच्या बारा पसंत."

"सातवा बी?"

"सातवा बी, मामा."

त्या दिवशी मी भितीशी बोललो न्हाई. तिच्याशीच बोललो. म्हटलं, "चौथ्यातला देठ चांगला पेललाय." पोरगी हिरव्या मिरच्या मोडत होती. तिनं नाक वर ओढलं आणि म्हणाली, "मिरच्या तिखट आहेत." कांड्याच्या मशीनचा विषय पुन्हा कुणी काढला न्हाई. पुढचं तुम्ही बघताच हाय. आज भिवंडीवरनं तुम्ही आलाय, तिच्या दारात बसलाय.

आणि मी गावभर सांगत सुटलो, की शेठनं सुनेचे बारा काठ घेतले, त्यातला एक आपला हाय म्हणून. कारखान्यात सांगितलं, चावडीवर सांगितलं, न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना सांगितलं. सतरा वर्षं सांगत होतो.

गेल्या साली एका लग्नात त्या शेठचे जुने दिवाणजी भेटले. म्हातारं झालंय, पण डोकं शाबूत. पंगतीत शेजारी बसलो. मी लगेच माझं पुराण चालू केलं. दिवाणजी जेवायचं थांबलं. म्हणालं, "मल्लू बुगड, बारा कुठलं? अकरा घेतलं आमी. एक रुईफुलाचा परत दिला. आजोबाच्या धोतराचा काठ हाय म्हणून शेठ हसलं. तुमची सून त्या एकापायी पाऊण तास भांडली की. बाकीच्या अकरांना दर कमी करा, पण ह्यो घ्या, म्हणाली. शेठ ऐकंना. मग आमच्या गादीवरच बसून दुसरा काठ कागदावर काढून दिला, बारा पुरे केले आणि गेली."

पंगतीत जिलबी होती. मी दोन घेतल्या आणि कुणाला काय बोललो न्हाई. घरी येऊन बी बोललो न्हाई. तिला वाटतंय, मामाला ठाऊक न्हाई. तसंच असूं दे. तिनं सतरा वर्षं सांभाळलंय, मी उरलेली सांभाळीन.

फाटकाचा आवाज झाला, आलीच बघा ती. पावनं, एक काम करा माझं. ती तुम्हाला जुन्या काठांची वही दाखवील, सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवती. रुईफुलाचा काठ तिनं त्यात अजून ठेवलाय, आणि त्या पानावर ती जरा थांबती, समोरचा माणूस काय म्हणतोय बघायला. मी हितंच बसलेला असणार. लई छान म्हणू नका, मी तुम्हाला सांगितलंय असा तिला लगेच संशय येईल. नुसतं 'बरा हाय' म्हणा आणि पान उलटा.